डिकीतली धुम आणि कणकेचा गोळा

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणाला तशी शंकाही येणार नाही.

निपाणीला माझी सासुरवाडी. तिथे धाकट्या साडूने नवी गाडी आणली होती. त्याने मला शेजारी बसवून गाणं लावलं, आणि माझ्या खिशातलं लाल पेन थरथरायला लागलं. "डिकीत सबवूफर बसवलाय, भावजी," तो म्हणाला. परत घरी येळ्ळूरला येईपर्यंत हायवेवर मी एक शब्द बोललो नाही. बायकोला वाटलं, मला जेवण बाधलं. मला साडू बाधला होता.

माझी गाडी दुसऱ्याकडून घेतलेली, आणि त्या दुसऱ्यानेही ती तिसऱ्याकडून घेतलेली. तिच्यात तयार सबवूफर बसवणं म्हणजे गाडीपेक्षा डिकी महाग. पण मी विज्ञानाचा शिक्षक. लाकडी खोका, त्यात एक मोठा स्पीकर, एक अँप्लिफायर आणि चार वायरी. घरी करायला कितीसा वेळ लागणार? प्रश्न बायकोचा होता. तिला खरं कारण सांगायची सोय नव्हती, म्हणून मी आप्पांना पुढे केलं.

आप्पा म्हणजे माझे वडील. आमच्या गल्लीतल्या देवळात गुरुवारच्या भजनाला पखवाज कायम त्यांचाच. गेल्या काही वर्षांत त्यांचे कान गेले. आधी कुकरची शिट्टी गेली, मग नातीचं बोलणं, मग बहुतेक सगळंच. कानाचं मशीन आणलं, तर ते कानात बसून स्वतःच शिट्ट्या मारायचं. आप्पांनी ते ट्रंकेत टाकलं. तरी ते भजनाला जात होते. एका गुरुवारी अभंग संपला, टाळ थांबले, गाणारे थांबले, आणि आप्पा मान खाली घालून एकटेच वाजवत राहिले. शेवटी पेटीवाल्याने त्यांच्या हातावर हात ठेवला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. घरी येऊन आप्पांनी पखवाज गवसणीत घातला, मला माळ्यावर ठेवायला लावला, आणि त्यानंतर ते देवळाकडे फिरकले नाहीत. गुरुवारी भजनाची वेळ झाली की उठून आत जाऊन पडायचे. टाळ त्यांना ऐकू येतच नव्हते. घड्याळ बघून जायचे.

"खर्जातला आवाज कानाने नाही, अंगाने ऐकतात," मी बायकोला समजावलं. "आप्पांना पुन्हा भजन ऐकता येईल." खोटं बोलताना मी नेहमी शास्त्रीय बोलतो.

"साडूच्या गाडीत बसून आल्यावरच बरी आप्पांची आठवण झाली," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

बेळगावातल्या दुकानदाराने स्पीकर बांधून देताना विचारलं, "सर, बॉक्स नीवे माडतीरा?" खोका तुम्हीच करणार का? मी ऐटीत कानडीतच "हौद", म्हणजे हो, म्हणालो. त्याने एकदा माझ्या हातांकडे पाहिलं. खडूने मऊ झालेले हात होते. पण गिऱ्हाइकाला वाईट वाटू नये म्हणून तो पुन्हा दोरी आवळायला लागला.

स्वयंपाकघराची कपाटं करताना उरलेला प्लाय मी अंगणात काढला. खोक्याचं घनफळ दशांश चिन्हानंतर दोन अंकांपर्यंत काढलं. गणितात कुठे चूक नव्हती, करवतीत होती. एक बाजू दुसरीपेक्षा अर्धा बोट आखूड निघाली. ती फट मी गोंदात भुसा कालवून बुजवली आणि सगळ्या खोक्यावर काळं कापड चिकटवलं. काळ्या कापडाखाली कुठलाही खोका काटकोनात दिसतो.

पहिल्या दिवशी गाडी सुरू केली तर स्पीकरमधून गुंईंऽऽ असा आवाज. अ‍ॅक्सिलरेटर दाबावा तसा तो चढायचा. दोन रविवार मी डिकीत डोकं घालून काढले. अर्थिंगची वायर मी गाडीच्या पत्र्यावर स्क्रूने आवळली होती, पण तिथला रंग खरवडायचा राहिला होता. रंगातून वीज जात नाही हे मी दरवर्षी नववीच्या वर्गाला सांगतो. मुलं लिहून घेतात. मी कधी लिहून घेतलं नव्हतं. रंग खरवडला, गुंई बंद झाली, आणि हळू आवाजात गाणं बरं वाजायला लागलं. मोठ्या आवाजात लावून बघायचं मी निपाणीसाठी राखून ठेवलं. तिथे जायची जेवढी घाई झाली, तेवढी कधी दहावीच्या निकालाचीही झाली नव्हती.

निपाणीत सासरे ओट्यावर बसले, साडू दारात उभा राहिला. मी चारी दारं उघडली आणि आवाज पूर्ण वाढवला. ढोलाचा पहिला ठोका पडला आणि डिकीतून 'फुर्र' असं काहीतरी झालं. दुसऱ्या ठोक्याला पुन्हा फुर्र. पोट बिघडलेल्या म्हशीसारखा आवाज होता, आणि सासरे असताना ते कुणाला बोलूनही दाखवता येईना.

"दाजी, चाकातली हवा चाललीया बघा," मेहुणा म्हणाला. बरं, एवढं म्हणून थांबला नाही. चारी चाकांना लाथा मारून बघून आला. निघताना साडूने हळूच त्याच्या मेकॅनिकचा नंबर माझ्या हातात दिला. ते जास्त लागलं.

पुढच्या रविवारी मी वायरी गाडीला जोडलेल्याच ठेवून खोका अंगणात काढला. हवा कुठूनतरी फुटत होती हे कळत होतं, पण कुठून ते कळेना. इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं होतं की, उदबत्ती खोक्याभोवती फिरवा, फटीपाशी धूर हलेल. मी फिरवली. अंगणात वारं होतं, धूर सगळीकडेच हलत होता. शेजारच्या आक्का कुंपणापाशी थांबल्या. "पूजा घातलीया व्हय?" त्यांनी विचारलं. मी "व्हय" म्हणालो. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

आप्पा खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. इथे एक कबूल करायला हवं. ज्यांच्या नावावर हा सगळा खटाटोप चालला होता, त्यांना मी महिन्याभरात एकदाही गाडीत बसवून काही ऐकवलं नव्हतं. मला सुचलंच नव्हतं.

ते उठून आले, खाली बसले आणि खोक्यावर तळहात ठेवला. "वाजीव," म्हणाले. मी गाणं लावलं. त्यांचा हात सावकाश कडेकडेने सरकत गेला आणि एका जागी थांबला. "हितनं वारं फुटतंय. तोंड बसलं न्हाय ह्येचं." त्यांनी काळं कापड नखाने उचकटलं. खाली माझी अर्धा बोट आखूड बाजू होती, आणि गोंद-भुशाला चांगली लांब चीर गेली होती.

मग ते आत गेले आणि सुनेकडून भिजवलेल्या कणकेचा एक गोळा घेऊन आले.

"आप्पा, त्याला सिलिकॉन लावतात. ट्यूब मिळते," मी ओरडून सांगितलं. ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल. त्यांनी अंगठ्याने कणीक चिरेत दाबत नेली, पाण्याचं बोट फिरवून गुळगुळीत केली. त्या हाताला ते काम नवं नव्हतं. पखवाजाच्या डाव्या तोंडाला, धुमेला, वाजवायच्या आधी ओली कणीक लावावी लागते, तेव्हा कुठे तिचा आवाज खाली उतरतो. आप्पांनी उभा जन्म तेच केलं होतं. मी लहानपणी रोज बघत होतो, आणि खोका करताना मला ते आठवलं नाही.

"आता लाव."

गडबडीत फोनवर बोट कुठेतरी पडलं आणि जुनं भजन सुरू झालं. आमच्या देवळाच्या सप्ताहात मंडपवाल्याने माइक लावून रेकॉर्ड करून दिलेलं होतं ते. खोक्यातून ठोका आला, आणि अंगणातली फरशी पायाखाली हलली. माझं पेन थरथरलं. फुर्र नाही, काही नाही. साडूला आत्ताच फोन करावा असं मला वाटलं, इतका मी हलका माणूस आहे. मग आप्पांकडे लक्ष गेलं. दोन्ही तळहात खोक्यावर, डोळे मिटलेले, बोटं आपोआप चाललेली.

"ह्यो हात माझा हाय," ते म्हणाले. "लई घाई करत हुतो रं मी."

मला रडू आलं. उदबत्तीचा धूर गेला म्हणून मी डोळे पुसले. आप्पा डोळे मिटून होते, त्यामुळे तेवढंही नाटक वाया गेलं.

कणीक आठवड्याने वाळते आणि पडते. मग आप्पा नवीन गोळा घेऊन डिकीपाशी येतात, चीर लिंपतात आणि भजन लावायला सांगतात. डिकीत मुंग्या झाल्या आहेत. साडूने फोनवर विचारलं, गळती कशाने बंद केली? मी म्हणालो, एक नैसर्गिक मटेरियल आहे. सिलिकॉनची ट्यूब मी आणली आहे. गाडीच्या पुढच्या खणात पडून आहे, झाकणही उघडलेलं नाही.

मागच्या गुरुवारी स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "आज एवढी कशाला ओ, मामंजी?" आप्पांच्या हातात नेहमीच्या दुप्पट गोळा होता. अर्धा त्यांनी डिकीत लावला. उरलेला तळहातावर धरून मला म्हणाले, "माळ्यावरनं पखवाज काढ."

देवळात ते नेहमीच्या जागी बसले नाहीत. पेटीवाल्याला अगदी चिकटून बसले, गुडघा पेटीच्या लाकडाला टेकवून. पेटीवाल्याने एकदा बघितलं आणि पेटी त्यांच्याकडे आणखी सरकवली. मी दाराशी उभा होतो. अख्खा अभंग मी त्या गुडघ्याकडे बघत काढला, गाणं काय चाललंय तिकडे माझं लक्षच नव्हतं. शेवटची ओळ आली. गाणारे थांबले, टाळ थांबले, पेटी थांबली.

आप्पाही थांबले.