तिन्ही मायक्रोमीटर बरोबर होते

थायरॉईडसाठी किरणोत्सारी आयोडीनचा डोस घेऊन आठ महिने झाले होते. थायरॉईडमधली गाठ जळाली, छातीतली धडधड थांबली, आणि आपलं दुखणं संपलं असं मी सगळ्यांना सांगत सुटलो. त्यामुळे चाकणच्या कंपनीत माझ्या टेबलावर मापं जुळेनाशी झाली तेव्हा मी सरळ मायक्रोमीटरलाच शिव्या घातल्या.

मायक्रोमीटरने ब्रेकच्या पिनांची जाडी मोजायची आणि पेटीवर ओकेचा शिक्का मारायचा, हे माझं काम. आता एकच पिन तीनदा मोजली तर तीन आकडे यायचे. मायक्रोमीटर अचूक आहे का ते तपासायला कॅलिब्रेशनला पाठवला, ठीक म्हणून परत आला. दुसरा पाठवला, तोही ठीक. तिसऱ्याला नादुरुस्त म्हणून लाल टॅग लावून मी स्वतःच घेऊन गेलो आणि तिथल्या मॅडमवर घसरलो. "एसीत बसून नुसते स्टिकर चिकटवता काय?" आजही आठवलं की लाज वाटते.

त्या चिडल्या नाहीत. "हात पुढे करा," म्हणाल्या आणि माझ्या पसरलेल्या बोटांवर कोरा कागद ठेवला. कागद फडफडायला लागला.

"माझ्या आईच्या थायरॉईडच्या वेळी डॉक्टरांनी असंच करून बघितलं होतं. दाखवून या, दादा."

मला कळत नव्हतं असं थोडंच आहे? चिंचवडहून कंपनीच्या बसमध्ये बसलो की पाय जागेवर ठरत नव्हते. पट्ट्याला नवीन भोक पाडलं होतं. बायकोवर उठसूट खेकसत होतो. पण महिन्याभरात परमनंट करायच्या लोकांची यादी लागणार होती. सहा वर्षं कंत्राटावर काढलेली. घाबरलो होतो, दुसरं काय.

रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, गाठ गेली ती गेलीच. पण त्या डोसनंतर क्वचित एखाद्याच्या शरीराला स्वतःचीच ग्रंथी परकी वाटायला लागते. रक्तातल्या अँटिबॉडीज तिला डिवचत राहतात आणि ती नको तितकं काम करते. हा आजार वेगळा. गोळ्या दीडेक वर्ष, थरथर मात्र काही आठवड्यांत कमी होईल.

काही आठवडे तर मी हे सहज दडवलं असतं. रात्रंदिवस तेच डोक्यात घोळत होतं. एका रोगावर उपचार घ्यावा आणि दुसरा पदरात पडावा, याचा संतापही येत होता. पण मापं जुळेनाशी झाल्यापासूनच्या तीन आठवड्यांच्या पेट्यांवर माझा शिक्का होता, आणि आत ब्रेकच्या पिना होत्या.

सोमवारी सुपरवायझरपुढे उभा राहिलो. "तिन्ही मायक्रोमीटर बरोबर आहेत. माझा हात चुकतोय. माझा तीन आठवड्यांचा माल थांबवा."

त्याने आधी फोन करून गोदामातला माल अडवला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "यादीत तुमचं नाव होतं, राव."