समोरची पार्टी

इंग्रजीतले पुष्कळ शब्द कोल्हापूरनं पचवले, पण 'पार्टी'ला जेवढं राबवलं तेवढं दुसऱ्या कुठल्या शब्दाला राबवलं नसेल. मार्केट यार्डात गूळ घ्यायला गुजरातची पार्टी येते. लग्न ठरवताना मुलाकडची पार्टी तालेवार असते. कोर्टात समोरची पार्टी तारखेला येत नाही. निवडणुकीत तर काय, सकाळची पार्टी संध्याकाळी त्याच झेंड्याखाली सापडेल याची खात्री नाही. पोरगं दहावी पास झालं की 'पेढ्यावर भागवू नगंस, पार्टी पायजे' म्हणून गल्ली मागे लागते, आणि ही पार्टी म्हणजे केक आणि फुगे नव्हेत, ती शेतात तीन दगडांवर शिजवलेली रस्सा पार्टी. कुणाला या शब्दाचं कौतुक वाटत असेल तर वाटो. मला त्याचा संताप येतो.

नव्वदच्या दशकातल्या मधल्या वर्षांतली गोष्ट. बाबा सरकारी कचेरीत होते आणि निवृत्ती जवळ आली होती. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावी लागणार, म्हणून घर हवं होतं, आणि बाबांना ते राजारामपुरीतच हवं होतं. ते मुरगूडच्या पलीकडच्या एका खेड्यातले. गावात त्यांनी नुसता पत्ता सांगितला तरी जात सांगून व्हायची, कारण आमची वस्ती गावाबाहेर. शिकायला कोल्हापुरात आले तेव्हा राजारामपुरीच्या सरळ गल्ल्या बघून ते हरखून गेले. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली, नुसते आकडे. "इथं कोण कुठल्या आळीतला ते पत्त्यावरनं कळत नाही," असं ते आम्हाला कितीदा तरी सांगायचे. तेव्हापासून त्यांच्या मनात तिथलं घर होतं, आणि आयुष्यभर काटकसर केली ती त्याच्यासाठीच.

त्यांच्या ऑफिसातले एक काका तिथल्याच एका बिल्डिंगमध्ये राहायचे. त्यांनीच बातमी आणली. "आमच्या खालचा फ्लॅट इकायचा हाय. घेऊन टाका राव, शेजारी हूया." काकांनी एजंटही गाठून दिला. हा एजंट तोंडात मावा धरून बोलायचा आणि त्याच्या तोंडी माणूस म्हणून कुणी नव्हतंच. घरमालक म्हणजे पार्टी, आम्हीही पार्टी. "साहेब, पार्टी इकायला तयार हाय." आणि आमच्या देखत त्या घरमालकाला फोनवर, "पार्टी नोकरदार हाय, लोनचं काय बी टेन्शन न्हाय." बाबांना त्याची गंमत वाटायची. ऑफिसातून आले की दारातूनच आईला हाक मारायचे, "अगं, पार्टीला चहा कर!" आईही काही कमी नव्हती. "पार्टीनं आधी पाय धुवावेत," म्हणायची.

फ्लॅट बघायला आई, बाबा आणि मी असे तिघं गेलो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, रस्त्याकडे गॅलरी. आईनं शिलाई मशीन कुठे ठेवायचं ते ठरवूनही टाकलं. घरमालकीणबाई चांगल्या बोलत होत्या. आमचं आडनाव मराठ्यांतही आहे, त्यामुळे ते ऐकून त्या आणखी खुलल्या. गाव कोणतं, शेती किती, असं करत करत म्हणाल्या, "म्हंजे कुलदैवत तुमचं जोतिबाच की?"

"न्हाई. आम्ही बौद्ध," बाबा म्हणाले. कुणी किती वाजले विचारल्यावर सांगावं तितक्या सहज.

"असं व्हय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चहा घे की बाळ, गार होतोय." त्यानंतर त्या शेतीबद्दल काही बोलल्या नाहीत.

आठवड्याभरानं एजंट क्वार्टरवर आला. स्कूटरवरून उतरला नाही.

"साहेब, पार्टी मागं सरली."

"का? रक्कम तर ठरली होती."

"रकमंचं न्हाय. बिल्डिंगमधल्या पार्ट्यांचं जरा म्हणणं पडलं."

"कुठल्या पार्ट्या? नावं सांगा."

"आता मी काय सांगू साहेब? मी मधला माणूस. दुसरा बघू की फ्लॅट." त्यानं किक मारली आणि गेला.

बाबांनी दार लावलं. आई काही विचारायला लागली तर म्हणाले, "काही नाही, व्यवहार फिसकटला." इतकंच. त्या दिवशी ते जेवले नाहीत असं काही झालं नाही, नेहमीसारखे जेवले, बातम्या बघितल्या. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला होता. घरमालकीणबाईंनी तोंडावर 'तुम्हाला देत नाही' म्हटलं असतं तर निदान भांडता आलं असतं. पण पार्टीशी भांडणार कसं? तिला तोंड नाही, नाव नाही, घर नंबर नाही. सगळी बिल्डिंग त्या एका शब्दामागे जाऊन लपली होती, आणि त्या बिल्डिंगमध्ये आमचे काकाही राहत होते.

महिनाही झाला नसेल, ऑफिसची रस्सा पार्टी निघाली. सहकुटुंब. दरवर्षी एकाच्या शेतात, विहिरीजवळ ती व्हायची आणि रस्सा दरवर्षी बाबांच्या हातचा. खोबरं आणि तीळ भाजणं ते दुसऱ्या कुणाला करू द्यायचे नाहीत. बाकीचे कांदे चिरायचे, लाकडं आणायचे, गप्पा हाणायचे. मी म्हटलं, "यंदा जाऊ नका." बाबा म्हणाले, "ऑफिसच्या माणसांनी काय केलंय?" आणि पातेली बांधायला लागले.

आम्ही गेलो. चुलीवर तांबडा उकळायला लागला तसे सगळे चुलीभोवती जमले. पंगत बसली. बाबा ओगराळं घेऊन स्वतः वाढत होते. काका पंगतीत मध्यावर बसले होते. एक वाटी संपवली, दुसरी संपवली, कपाळावरचा घाम पुसला आणि वाटी पुढं करून म्हणाले, "राव, तुमच्या हाताची चव कुणाला न्हाय. घाला आणि एक."

रस्सा चालतो. भाकरी चालते. हाताची चव चालते. त्याच हातानं खालच्या मजल्यावरचं कुलूप उघडलेलं मात्र चालत नाही! मी समोरच्या पंगतीत होते. घास हातात तसाच ठेवून मी विचारलं, आणि चांगलं मोठ्यानं विचारलं, "काका, तुमच्या बिल्डिंगमधली कुठली पार्टी आम्हाला नको म्हणाली?"

आईनं माझ्या मांडीवर हात ठेवला. ऑफिसच्या मोठ्या साहेबांच्या बायको म्हणाल्या, "पोरगी लहान हाय, काय तर बोलती." काका हसले. "अगं, जेवताना कसला विषय काढतीस? जेव की."

मी बाबांकडे बघितलं. मला वाटलं, आता मलाच ओरडणार. ते काकांच्या पुढ्यात ओगराळं धरून उभे होते, आणि त्यांनी ते भरलेलं ओगराळं परत पातेल्यात ओतलं.

"लहान न्हाय ती. कॉलेजात जातीया," ते म्हणाले. घरात असं कधी बोलत नसत, गावाकडची भाषा तोंडात आली होती. "इचारलंय ते बरोबर इचारलंय. सांगा की."

"राव, आता बिल्डिंगचं म्हंजे... चार लोकं असत्यात..."

"ती चार कोण, त्येच इचारतोय."

"मीटिंग झाली. एकानं सांगितलं, दुसऱ्यानं री ओढली. मी न्हाई म्हटलं न्हाय हां! देवाशपथ. मी एक शब्द बी बोललो न्हाय."

"कायच बोलला न्हाईसा?"

"एक शब्द न्हाय."

"मग पार्टी तुमीच," बाबा म्हणाले.

काकांची वाटी अजून तशीच पुढं होती. बाबांनी ओगराळं पुन्हा भरलं आणि ती वाटी काठोकाठ भरली. "जेवा. पानावरनं उपाशी उठवायची आमच्यात रीत न्हाय." मग ओगराळं शेजारच्या माणसाच्या हातात दिलं, हात धुतले आणि आम्हाला म्हणाले, "चला." पातेली आमची होती. ती त्यांनी तिथंच सोडली. चुलीवरचा रस्सा अर्धा शिल्लक होता आणि मागून कुणी हाकही मारली नाही. इतकी वर्षं ज्यांनी आमच्या घरी येऊन दिवाळीचा फराळ खाल्ला, त्यातलं एक माणूस उठून उभं राहिलं नाही. काकांचा राग मला आता तितका येत नाही. या उरलेल्यांचा येतो.

एजंट नंतर दोनदा आला. बाबा त्याला दारातच सांगायचे, "पार्टी बौद्ध आहे. आधी तिकडं सांगा, चालत असेल तरच मला बघायला न्या." तो मान डोलावायचा. तिसऱ्यांदा आलाच नाही. तरी बाबांनी नाद सोडला नाही. ऑफिस सुटलं की स्वतःच राजारामपुरीत फिरायचे, 'फ्लॅट विकणे आहे' अशी पाटी दिसली की जिना चढायचे आणि पहिल्या वाक्यात आपण कोण ते सांगायचे. जिना उतरताना कसे दिसत असतील, हा विचार मी त्या वेळी केला नाही, आता करते. निवृत्त झाले तरी घर मिळालेलं नव्हतं. क्वार्टर सोडून आम्ही दोन भाड्याच्या खोल्यांत गेलो, आणि पुढं शहराबाहेर माळावर एक गुंठा घेऊन घर बांधलं.

घर चांगलं होतं. दारात पाटी होती, आईच्या मशीनला खिडकी होती. लोक म्हणायचे, झालं की शेवटी स्वतःचं, आणि काय पाहिजे? पण त्या माळावर आजूबाजूला सगळे आमच्यातलेच होते, ज्यांना ज्यांना दुसरीकडे मिळालं नव्हतं ते. पत्ता सांगितला की रिक्षावाला आरशातून एकदा बघायचा.

पुढं दोन हजारनंतर बाबांना हृदयाचा त्रास सुरू झाला. त्यांचे डॉक्टर राजारामपुरीत होते. तपासून झालं की रिक्षा पकडण्याआधी ते मला म्हणायचे, "जरा पुढच्या गल्लीपर्यंत चालू या." डॉक्टरांनी चालायला मनाई केली होती. मी त्यांना एकदाही अडवलं नाही.