बिराजदार सर आणि गोल तळाचे बूट

बिराजदार सर माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी पायांकडे. शाळेत नवीन मुलगी आली की तिचं नाव-गाव विचारायच्या आत म्हणायचे, "चप्पल काढ. चल बघू त्या खांबापतूर." ती चालून परत येईपर्यंत तिला खेळात घ्यायचं की नाही, हे त्यांचं ठरलेलं असायचं. पुढाऱ्याच्या मुलीलाही यातून सूट नव्हती. "तोंडाचं काय, ते गोड बोलतंय," सर म्हणायचे. "पाय खोटं बोलत न्हाईत."

उमरग्याच्या आमच्या शाळेत ते पी.टी.चे सर होते. ठेंगणे, सावळे, गळ्यात शिट्टी आणि पोटऱ्या म्हणजे नुसते दगड. आमच्या जिल्ह्यात खो-खो देवाखालोखाल, पण आमच्या शाळेत देवाचाही नंबर नंतर लागायचा. सर आम्हाला कायम अनवाणी खेळवायचे. मैदान तव्यासारखं तापलं तरी बुटाचं नाव काढायची सोय नव्हती. "बूट पायाला आळशी करतंय. पायाला शिकवती ती माती." रोज आधी बैठका, मग खेळ. बैठक मारताना कुणी टाच उचलून चुकारपणा केला की मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून आवाज यायचा, "टाच टेकव. आधी टाच, मग ऊठ." सगळं झालं की त्यांच्या पिशवीतले गूळ-शेंगदाणे मिळायचे, आणि त्या मूठभर शेंगदाण्यांसाठी आम्ही त्यांचं काहीही ऐकून घ्यायचो.

मी नववीत असताना दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझा खेळ बंद केला. पोरीनं हाफ पँट घालून गावोगाव पळायचं हे त्यांना पटेना. सर सायकलवरून आमच्या गावी आले, ओसरीवर बसले, चहा प्याले आणि ज्वारीबद्दल बोलत राहिले. दादा सैल झाल्यावर हळूच म्हणाले, "मालक, पोरीचं तोंड तुमच्यावर गेलंय, ते तुमचं. पाय मातूर माझं हाईत. ते मला द्या." दादा हसले, आणि मी जिल्ह्याच्या संघातून खेळले. पुढं आयुष्यात मी जी काही धीटपणानं उभी राहिले, ती त्या पायांवर. सर माझ्यासाठी कोण होते हे यावरून कळावं.

लग्नानंतर मी आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला आले, कारकुनीला लागले, खुर्चीत बसून रुंद झाले. पन्नाशीला टेकले आणि चिकनगुनिया झाला. ताप गेला, पण पायांतलं बळ जे गेलं ते परत येईना. जिना चढताना मांडीला हाताचा टेकू द्यावा लागे. त्यातच शाळेतून निरोप आला की दिवाळीनंतर आमच्या जुन्या संघाचा आताच्या मुलींशी एक डाव ठेवला आहे. मला जिंकायचं नव्हतं. रांगेत खाली बसावं, पाठीवर खो बसावा आणि उठून पळावं, एवढं एकदा व्हावं असं फार वाटलं.

माहेरी गेले असताना उमरग्याच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी व्यायाम दिला. खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, हळूहळू खुर्ची ठेंगणी करत जायची. "कंटाळवाणं आहे, पण उपाय हाच," त्या म्हणाल्या. तिथून मी सरांना भेटायला गेले.

सर सत्तरी ओलांडलेले, पण तसेच ताठ. पुढच्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या, भिंतीवर हसऱ्या बाईचं चित्र होतं आणि खाली विकायला ठेवलेल्या बुटांचे खोके. सरांच्या पायातही तसलेच पांढरे बूट होते. त्यांचा तळ मधे फुगलेला, टाचेला आणि बोटांना वर वळलेला. उभे राहिले की सर किंचित डुलायचे. सवयीप्रमाणं त्यांनी आधी माझ्या पायांकडे बघितलं.

"लई खराब केलंस, रेखे," ते म्हणाले. "हे टोनिंगचं बूट घाल. ह्यात तोल डळमळतोय. तो सावरायला पोटरी, मांडी समदं आपसूक काम करतंय. तुला कायबी करायचं न्हाय, नुसतं चालायचं."

"आणि बैठका, सर?"

"आता काय वय हाय व्हय बैठकाचं? म्या बी सोडल्या." त्यांनी पँटचा पाय वर केला. पोटरी अजून दगडच. "हे समदं बुटाचं हाय."

"पण बूट पायाला आळशी करतंय म्हणायचा की तुम्ही."

"ती जुनी बुटं. हे शाणं हाईत," असं म्हणून सर हसले, आणि मीही हसले.

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी चार प्रश्न विचारले असते. सरांना काय विचारायचं? खुर्चीचा व्यायाम मी त्याच आठवड्यात बंद केला. ते बूट घालून वाशीच्या बाजारातून डुलत निघाले की भाजीवाली म्हणायची, "बाई, नावंत बसलाव का काय?" पोटऱ्या दुखायच्या. फोन केला की सर म्हणायचे, "दुखतंय नव्हं? मग काम चाललंय." मी त्या दुखण्यावर खूश होते. जिना चढताना हात मात्र अजून मांडीवरच जात होता.

डाव ठरल्या दिवशी झाला. सर पाहुण्यांच्या खुर्चीत होते. मी रांगेत बसले, मातीचा तो वास आला, पाठीवर थाप पडली, "खो." मी उठलेच नाही. मांड्यांनी ऐकलंच नाही. पुढं हात टेकले आणि तशीच तोंडावर गेले. आताच्या मुली धावत आल्या आणि दोघींनी मला काखेत हात घालून उठवलं, आजीला उठवावं तसं. सर जवळ आले. "चालायचंच. वय झालं तुजं," म्हणाले. माझ्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस मला हे सांगत होता, आणि तरी मी मान हलवली.

रात्री भावाकडे राहिले. सकाळी सरांकडे गेले, ती भांडायला नाही. बूट घालताना माझंच काही चुकलं का, हे विचारायला गेले होते.

दारात सरांचे बूट होते, एक पालथा पडलेला. दारात पालथं पायताण असलं की घरात भांडण होतं असं आमच्याकडे मानतात. दिसलं की कुणीही वाकून सरळ करतं. मीही माझे बूट काढले आणि वाकले. त्या बुटाचा सोल माझ्यासमोर होता. रोज हेच बूट घालून चालतो असं सर सांगायचे, पण त्या बुटाच्या सगळ्या खाचा कोऱ्या होत्या, दुकानातून आणल्यासारख्या. शेजारीच माझा बूट होता, एका कडेनं पार झिजलेला. तेवढ्यात आतून ओळखीचा आवाज आला, एका लयीत सोडलेला श्वास. मी दारातून बघितलं. मागच्या अंगणात, मातीवर, अनवाणी, बिराजदार सर बैठका मारत होते. टाचा पक्क्या टेकलेल्या.

मी म्हणाले, "सोडल्या होत्या ना, सर?"

ते दचकले. पंच्यानं तोंड पुसत म्हणाले, "बस. च्या घे."

"मला का नाही सांगितलंत? मला तरी."

सर अंगणाकडे बघत राहिले. "बैठका मारा म्हनलं की कोण येतंय ग? रिटायर झाल्यावर एक माणूस पायरी चढलं न्हाय. बूट घाला म्हनलं, तवा खुर्च्या पुरंनात. पुना सर म्हनाय लागली माणसं."

"मी तर कायमच सर म्हणत होते," मी म्हणाले.

तेवढ्यात बायका येऊ लागल्या. सरांचा बूट विकायचा सकाळचा कार्यक्रम होता. सरांनी घाईनं बाहेर जाऊन ते कोरे बूट पायात चढवले आणि खोलीत येऊन डुलत उभे राहिले. त्यांचा आवाज एकदम पहिल्यासारखा झाला. "पाय खोटं बोलत न्हाईत. ही बघा माजी पोटरी. आन् ही रेखा, माजी जुनी खेळाडू. बूट कसं हाईत, हिलाच इचारा."

मला साक्षीला उभं करताहेत हे कळायला मला क्षणभर लागलं. अंगाचा नुसता जाळ झाला. मी सगळ्यांच्या मधे जाऊन खाली बसले, रांगेत बसायचो तशी, आणि उठायला गेले. उठवेना. पुन्हा जोर केला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"टाच टेकव," सर बोलून गेले. "आधी टाच, मग ऊठ."

मी टाच टेकवली, जमिनीला हात लावला आणि उठले. "असे होतात पाय या बुटांनी," मी त्या बायकांना सांगितलं. "सरांचे पाय बैठकांचे आहेत. आत्ताच मारत होते." सरांकडे बघितलं, तर ते भिंतीवरच्या चित्राकडे बघत होते. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच, मी समोर असून त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं नाही.

माझे बूट त्यांच्या दारात पालथे ठेवून मी स्टँडपर्यंत अनवाणी चालत गेले. त्यानंतर मी त्यांच्याकडे गेलेली नाही.

आता रोज सकाळी मी खिडकीचा गज धरून बैठका मारते. जिना चढताना हात मांडीवर जात नाही. पण खाली बसून उठायच्या वेळी कानात अजून तोच आवाज येतो, आधी टाच, मग ऊठ. त्याचा फार राग येतो. दुसऱ्या कुणाच्या आवाजावर उठावं म्हटलं, तर तसा आवाज माझ्याकडे नाही.