तीन पाण्यांत धुतलेला पालक

माझ्या मावशीच्या पालकाला बाजारात नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती. नाल्याकाठच्या तिच्या तुकड्यावर तो असा तरारून यायचा, की शेजारचे जळायचे. जुडी बांधण्याआधी ती तो घरच्या नळाच्या पाण्यात तीनदा धुवायची. तीन म्हणजे तीन. आई दोनात उरकायला लागली, तर मावशी तिच्या हातातून पानं ओढून घ्यायची. बाजारात सगळे तिला धुवट मावशी म्हणायचे आणि बाईसाहेबांना ती पदवी वाटायची.

एकदा शेतीच्या प्रयोगशाळेतली एक बाई नमुने न्यायला आली. नाल्याच्या वरच्या अंगाला धातूला मुलामा देणारे कारखाने होते. त्यांचं पाणी नाल्यात सुटायचं आणि तेच आम्ही सगळे वाफ्यांना द्यायचो. मावशीनं दोन जुड्या दिल्या, एक धुतलेली, एक तशीच. वर ऐकवलंही, "फरक बघा, म्हणजे कळेल."

फरक नव्हता. दोन्हींत कॅडमियम नावाचा धातू निघाला, चालतो त्याच्या तिप्पट. बाई हळूच म्हणाली, "मावशी, हा पानावर नाही, पानात आहे. मुळांनीच ओढलाय. वर्षानुवर्षं पोटात गेला तर मूत्रपिंडं खराब होतात."

"म्हणजे इतकी वर्षं मी काय, नुसती पाण्यात खेळत होते?" मावशी म्हणाली आणि एकेका गिऱ्हाइकाचं तोंड आठवून रडली. मी तिला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात आपल्या जागेवर उभी राहिली आणि येईल त्याला सांगत सुटली, "माझा पालक घेऊ नका. नाल्याकाठचा कुणाचाच घेऊ नका." शाळेच्या खानावळीचा स्वयंपाकी तिचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. तो ऐकून रिकामी पिशवी घेऊन निघून गेला. शेजारचे खवळले, "स्वतःच्या पोटावर पाय दिलास तो दिलास, आमच्या कशाला?" खोटं कशाला सांगू, मीही चिडले होते. त्याच तुकड्यावर आमचं घर चालायचं.

ओरड वाढली तेव्हा नगर कार्यालयाच्या साहेबांनी बाजाराच्या तोंडाशी एक पाटी लावली: भाज्या स्वच्छ धुऊन खा. झालं, मिटलं प्रकरण. ती पाटी वाचून मावशीचं डोकं असं तडकलं, की चप्पल घालायचंही भान राहिलं नाही. तडक कार्यालयात गेली. त्यानंतर ती हात धुऊन त्या साहेबांच्या मागे लागली. पाच महिने. शेवटी सगळ्यांसमोर सुनावणी झाली.

साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही नीट धुतला नसेल."

हे म्हणावं ते कुणाला! सभागृहात बाजारातली माणसं होती, ती खो खो हसली. मावशीनं मात्र पिशवीतून नाल्याकाठच्या पालकाची जुडी काढली. "मग साहेब, तुम्हीच धुवा," म्हणाली आणि जुडी पुढे केली.

साहेबांनी बाह्या सारल्या, तिथल्याच बेसिनमध्ये जुडी धुतली. दोनदा धुऊन थांबले, तर मावशी म्हणाली, "अजून एक पाणी." तेही झालं. पुडक्यावर सही करून साहेबांनी स्वतः ते प्रयोगशाळेत पाठवलं.

आकडा तोच आला. साहेबांना असं पाणी पाजलेलं आमच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. पाटी उतरली. कारखान्यांचं पाणी नाल्यात यायचं बंद झालं, वाफ्यांना स्वच्छ पाण्याचा नळ आला, वरची हातभर माती उपसून नवी पडली. दोन वर्षं आम्ही दुसऱ्यांच्या मळ्यात राबलो. शिव्या घालणारे शेजारीही आता मावशीला विचारल्याशिवाय बी टाकेनात.

मग नव्या पालकाचा अहवाल आला. स्वच्छ. मावशी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाजारात गेली, मीही गेले. ती गिऱ्हाइकांना नुसता कागद दाखवत होती, लोक वाचत होते, कुणी जुडी उचलत नव्हतं.

स्वयंपाकी आला. तिनं कागद पुढे केला, तर त्यानं तो बाजूला सारला. "मावशी, तुम्ही नको म्हणालात, तेव्हा आम्ही सोडला. आता घ्या म्हणता, तर घेतो," म्हणाला, आणि होत्या तेवढ्या जुड्या उचलल्या.