रांगेतला डबा

दिघ्याला आमच्या वस्तीत एकच नळ होता, तेव्हाची, ऐंशीच्या आसपासची ही गोष्ट. सकाळच्या रांगेत एक बाई एका हातात हंडा आणि दुसऱ्यात इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक धरून उभी असायची. जवळच्या पावणे गावातल्या एका कारखान्यात ती पॅकिंगला होती. दहावीला इंग्रजीनंच तिला अडवलं होतं आणि त्या विषयात पास व्हायचंच, हा तिचा हट्ट होता. ओठ सारखे हलत राहायचे: समबडी, एनीबडी, नोबडी.

"समबडी म्हणजे कुणीतरी," मी एकदा सांगितलं.

ती वैतागली. "पर कुणीतरी म्हंजी कोन, दादा? नाव नाय, गाव नाय, असल्या मानसाला वाक्यात घेतंय कोन?"

आमच्याकडे ज्याला थांबायला वेळ नसे, तो रांगेत रिकामा डबा ठेवून जाई. डब्याचा नंबर तो त्या माणसाचा नंबर. एका सकाळी, नव्याने राहायला आलेल्या एकाने तिच्या पुढचा डबा पायाने बाजूला सारला आणि तिथे आपली बादली लावली. तिने बादली उचलून मागे ठेवली आणि डबा परत जागेवर आणला.

"तुझा आहे का?" तो ओरडला.

"नाय."

"मग कुणाचा?"

"कुणाचा तरी हाय."

नंबर आला तरी डब्याचा मालक आलेला नव्हता. तिने आधी तो डबा काठोकाठ भरला, मग आपला हंडा लावला. हंडा अर्धा झाला आणि पाणी गेलं. तो अर्धा हंडा कमरेवर घेऊन तिने अंगठ्याने पुस्तकाचं पान उलटलं.