गारगोटीची किटली

कुणाच्याही घरी गेल्यावर पाणी पिण्याआधी विजेच्या मीटरची पेटी उघडून बघणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. माझ्या लग्नात ते मांडवात दिसेनात म्हणून शोधाशोध झाली, तेव्हा ते कार्यालयाच्या मागच्या बाजूला वायरमनला बजावत उभे होते, की मंगलाष्टकं संपेपर्यंत या बटणाला हात लावायचा नाही. माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिलेली. मंगळवार पेठेत आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात आणि एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत कितीतरी वर्षं कॉम्प्युटर सांभाळतात. सांभाळतात म्हणजे नक्की काय करतात, हे कुतूहल मला पहिल्या दिवसापासून होतं. मी भूगोलाचा मास्तर. नदी कुठून निघते आणि कुठं जाते ते मला सांगता येतं, पण यांचं काम कुठून निघतं आणि कुठं जातं ते काही कळेना. एकदा धीर करून विचारलंच. ते म्हणाले, "मास्तर, सगळं नीट चालू असलं की मी काय करत न्हाय. आणि सगळं नीट चालू राहावं, ह्येच माझं काम हाय." यावर मी दोन दिवस विचार केला आणि नाद सोडून दिला.

त्यांचा मुक्काम सर्व्हरच्या खोलीत. संस्थेच्या सगळ्या शाळा-कॉलेजांतली नावं, गुण, प्रवेश आणि दाखले पोटात घेऊन एक मोठा कॉम्प्युटर तिथं अहोरात्र चालू असायचा. त्याला उकाडा सोसत नाही म्हणून खोलीत एसी. चपला बाहेर काढायच्या, आत खायचं-प्यायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. (शेवटचा नियम मशीनसाठी नसून आपल्यासाठी आहे, असं त्यांनी मला खासगीत सांगितलं.) मे महिन्यात कचेरीतल्या निम्म्या लोकांना या खोलीत काहीतरी तातडीचं काम निघायचं, आणि ते पंधरा मिनिटं नुसते उभे राहून परत जायचे. साडू मात्र बाराही महिने निळा स्वेटर घालून आत बसलेले. कोल्हापूरभर डांबर वितळत असताना हा माणूस स्वेटर घालून सायकलवरून घरी येतो, तेव्हा गल्लीतली नवी मंडळी घाबरतात. मशीन बंद पडलं तर जागचं हलायचं नाही, हा त्यांचा आणखी एक नेम. मुलीच्या वाढदिवसाचा केक दोनदा त्या खोलीच्या दारात कापला गेला. दारात, कारण आत खायचं-प्यायचं नाही.

घरीही तोच कारभार. घरात माणसं तीन, पण फ्रीजवर छापील सूचना: "रविवारी सकाळी दहा ते बारा टाकी धुण्याच्या कामामुळे पाणीपुरवठा बंद राहील. गैरसोयीबद्दल क्षमस्व." प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधलेली, ही टीव्हीची, ही मिक्सरची, ही कशाची ते शोधणे चालू आहे. गच्चीत कपडे वाळत घालायची तार आहे, तिलाही चिठ्ठी: "हिच्यात वीज नाही." पाहुण्यांना शंका नको म्हणून.

पण त्यांचं खरं हत्यार म्हणजे एक प्रश्न: "काय बदललं?" जगात काहीही आपणहून बिघडत नाही, कुणीतरी काहीतरी बदललेलं असतं, यावर त्यांची गाढ श्रद्धा. माझी स्कूटर चढाला धापा टाकायला लागली तर "काय बदललं?" शेजारच्या काकांचा गुडघा धरला तर "काय बदललं?" एकदा आमच्याकडे जेवताना तांबड्या रश्श्याचा पहिला घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि माझ्या बायकोकडे बघून तोच प्रश्न. ती म्हणाली, "काही नाही बदललं, दाजी." ते नुसते बघत राहिले. मग ती म्हणाली, "यंदा चटणी तेवढी दुसरीकडून कुटून आणलीय." साडूंनी वाटी परत उचलली आणि समाधानानं जेवायला लागले. काहीच बदललं नाही असं जो छातीठोक सांगतो त्यानंच बदललेलं असतं, असं ते मला नंतर म्हणाले.

आमच्या सासूबाई गारगोटीला एकट्या राहतात. आम्ही दोघं जावई त्यांना मामी म्हणतो. कोल्हापुरात या म्हटलं तर त्या म्हणतात, "तितं काय करू? हितं माझी तुळस हाय, शेजार हाय." फोन असतो फडताळात आणि मामी असतात परसात, त्यामुळं खुशाली कळायची पंचाईत. आम्ही बाकीचे नुसती काळजी करत बसलो. साडूंनी गारगोटीच्या घरी नेट घेतलं, मामींना विजेची किटली नेऊन दिली आणि किटलीच्या प्लगला एक छोटं यंत्र बसवलं. सकाळी मामींनी किटली लावली, की साडूंच्या मोबाईलवर अक्षरं उमटायची: "मामी : चहा." ती रोज सव्वासहाला उमटत, आणि साडू ती मलाही पाठवत. मी एकदा त्यांची चेष्टा केली, की सासूवर पहारा ठेवणारा पहिला जावई बघतोय. ते म्हणाले, "पहारा न्हाय मास्तर. हाक मारली की व्हय म्हणावं कुणीतरी, एवढंच."

मागच्या पावसाळ्यात, ऐन प्रवेशाच्या आठवड्यात, त्यांचं मशीन बसायला लागलं. सोमवारी सुरुवात झाली. चालू करावं, तास-दोन तास चालावं आणि अचानक गप्प व्हावं. ते ज्या मोठ्या बॅटरीवर चालतं ती बदलून झाली, वायरी बदलून झाल्या, मशीन उघडून पुसून झालं. कचेरीतल्या एकूण एक माणसाला विचारून झालं, काय बदललं? सगळ्यांचं एकच उत्तर, काय बी न्हाय. दोन दिवस ते घरी आले नाहीत. बुधवारी फाटकात पालकांची गर्दी उसळली आणि संस्थेच्या सचिवांनी सगळ्यांदेखत सांगितलं, आज दुपारपर्यंत प्रवेशाची यादी लागली नाही तर ही खोली बंद करायची आणि सगळं काम बाहेरच्या कंपनीला देऊन टाकायचं.

आणि त्याच सकाळी नऊला मला त्यांचा फोन. "मास्तर, गाडी काढा. मामींचा चहा आला न्हाय. तीनदा फोन केला, उचलत न्हाईत."

मी शाळेत रजा कळवली आणि कार घेऊन कचेरीपाशी गेलो. साडू सचिवांसमोर उभे राहून शांतपणे सांगत होते, "सासूबाईंचा चहा आला न्हाय. जाऊन येतो." बंद पडलेलं मशीन तसंच टाकून हा माणूस निघालेला मी पहिल्यांदाच पाहिला. गारगोटीपर्यंतच्या सव्वा तासात ते एकच वाक्य बोलले, "जरा दाबा की." पाय त्यांचाच सारखा दाबला जात होता, पण त्यांच्या बाजूला ॲक्सिलरेटर नव्हता.

मामी पुढच्या सोप्यात बसून बशीतून चहा पीत होत्या. आम्हाला बघून त्यांनी पदर सावरला. "या पावणं! कामाच्या दिवशी आलासा?"

साडू उंबऱ्यावरच बसले. "मामी, किटली का न्हाय लावली?"

"किटली व्हय?" मामी म्हणाल्या. "तिच्यातला च्या कोण पितंय! दूध बी उकळत न्हाय तीत. माझा च्या ग्यासवरच असतोय. तुमास्नी कळावं म्हणून रोज नुसतं पाणी तापवती, आनि गार झालं की तुळशीला घालती."

वर्षभर आम्ही ज्याला चहा समजत होतो ते तुळशीचं पाणी होतं. मी साडूंकडे बघायचं टाळलं.

"मग आज?"

"काल थोरलीचा फोन आलता. तुमचं मशीन सारखं बसतंय म्हणली, दोन दिस घरला न्हाईसा म्हणली. म्हणलं, एवढं थकलंय बिचारं, त्येच्यावर आनि आपल्या किटलीचा भार कशाला?"

साडूंच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते समजावून सांगायला लागले. "तसं नसतंय मामी. तुमची किटली येगळी, तितलं मशीन येगळं. किटलीचा भार मशीनवर कसा..." आणि मधेच थांबले. खिशातून फोन काढला आणि कचेरीतल्या शिपायाला लावला. आवाज मोठा होता, मलाही सगळं ऐकू येत होतं.

"दत्तूभाऊ, माझ्या खोलीमागच्या भिंतीला ते जुनं प्लगचं बटण हाय, तितं कोण किटली लावतंय काय?"

"व्हय की साहेब. सोमवारीच आलीया नवी. झाक पाणी तापतंय बगा."

"आवो, ते बटण माझ्या बॅटरीवर चालतंय! दोन दिस इचारतोय, काय बदललं, तर काय बी न्हाय म्हणलासा!"

"तुमी मशीनचं इचारलासा साहेब. किटलीचं कुठं इचारलासा?"

किटली निघाली, मशीन चालू झालं ते चालूच राहिलं. साडूंनी फोनवरून एकेक पायरी सांगितली आणि दुपारी यादी लागली. मामी सगळं ऐकत होत्या. "म्हंजे किटलीच व्हती की!" त्या म्हणाल्या. साडू त्यांना फरक समजावून सांगतील असं मला वाटलं, कारण चूक दुरुस्त केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. ते म्हणाले, "व्हय मामी. किटलीच व्हती."

ती वेळ टळली, पण दिवाळीनंतर संस्थेनं काम बाहेरच्या कंपनीला दिलंच. मशीन कुणीतरी टेम्पोत घालून नेलं. त्या खोलीत आता जुन्या उत्तरपत्रिका आहेत आणि चपला घालून जाता येतं. साडूंना बाहेर हॉलमध्ये टेबल दिलंय. स्वेटर अजून अंगात असतो. उकडत नाही का, असं मी विचारलं तर म्हणाले, सवय आहे. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, आणि मला फार वाईट वाटलं.

महिन्यापूर्वी मामींनी एकदा मला फोनवर विचारलं, "त्येंच्या मशीनी नेल्या व्हय? मग आता दिसभर काय बगत्यात ओ त्ये?" मी सहज बोलून गेलो, "तुमची किटली, मामी." त्यांनी विचारलं, "सकाळी एकदाच न्हवं?"

परवाच्या रविवारी साडू आमच्याकडे आले, आधी मीटरची पेटी बघितली, मग बसले. चार वाजता त्यांचा मोबाईल वाजला. "मामी : चहा." मी म्हटलं, "आत्ता? दुपारी?" ते म्हणाले, "महिना झाला. आता दोनदा येतोय, सकाळी आनि चारला."

आता ते विचारतील, काय बदललं, म्हणून मी वाट बघत राहिलो. त्यांनी मोबाईल स्वेटरच्या खिशात ठेवला, वरून हातानं चाचपला, आणि विचारलं नाही.