चार पावलं पुढं

आमची कारभारीण चालताना बांगड्या वाजवायची. मुद्दाम. बेचाळीस वर्षं मी पुढं आणि ती मागं, चार पावलांवर. डाळजहून भिगवणच्या बाजाराला जाताना तसंच, कुणाच्या लग्नाला जाताना तसंच. आमच्याकडं गडीमाणूस बायकोच्या बरोबरीनं चालला तर लोक दात काढतात, आणि सारखा मागं वळून बघायला लागला तर जास्तच काढतात. म्हणून मी वळायचो नाही. युक्ती तिनंच काढली. मधूनमधून हात झटकायचा, बांगड्या वाजल्या की मला कळायचं, मागं आहे.

लेक नोकरीपायी मेक्सिको देशात असतो, गाड्यांच्या कारखान्यात. दोन वर्षांपूर्वी त्यानं आम्हा दोघांना दोन महिने तिकडं नेलं. त्याच्या घराजवळ, शहराच्या ऐन मध्यात एक बाग होती. त्या शहराचं नाव माझ्या जिभेवर कधी बसलं नाही, पण ती बाग डोळ्यांपुढून हलत नाही. असली घाण जागा मी जन्मात बघितली नाही. कचरा नव्हता, झाडून लख्ख होती. घाण माणसांत होती. बाकाबाकावर जोडपी तोंडात तोंड घालून बसलेली, आणि शेजारच्या बाकावर त्यांच्या बापाच्या वयाचा माणूस निवांत पेपर वाचतोय. कुत्र्यांच्या अंगात स्वेटर. मक्याचं कणीस काठीला टोचून त्याला पांढरं काहीतरी फासायचं, वर चीज, वर तिखट, आणि मिशा बरबटेपर्यंत चालता चालता खायचं. मला नुसतं बघून मळमळायचं.

एक म्हातारी टोपलीत तळलेले नाकतोडे विकायची. आपल्या बांधावरच्या गवतात उडतात तेच. लोक वर लिंबू पिळून मूठमूठ तोंडात टाकायचे. पहिल्या दिवशी बघितलं आणि झाडाच्या बुंध्याशी जाऊन ओकलो. कारभारीण मात्र टोपलीत वाकून बघत होती. म्हणाली, "अवं, आपल्या रानात पोतंभर हायत की! तुमी उगंच औषध मारत बसलाय." म्हातारीला ओ की ठो कळलं नाही, तरी ती हसली. हीपण हसली. दुसऱ्या दिवसापासून दोघी लांबूनच एकमेकींना हात करायला लागल्या.

भाषेची अडचण तिला कधी आलीच नाही. ती मराठीतच बोलायची, फक्त मोठ्यानं.

गावात "लोक बघत्यात" म्हणून डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी ही बाई. तिथं भलतंच बोलायला लागली. रोज संध्याकाळी आम्ही बागेला एक फेरी मारायचो, आणि रोज तिचं एकच. "हितं कोण वळखतंय आपल्याला? एक फेरी माझ्या बरोबरीनं चला की. म्होरं न्हाय, बरोबर."

"गप मागनं ये. म्हातारपणी चळ लागलाय का?"

"एकच फेरी वो. दुसरं काय मागते का मी?"

खरंच मागितलं नव्हतं. कधीच.

रविवारी बागेच्या मधल्या गोल चौथऱ्यावर बाजा वाजायचा. खाली साठी-सत्तरीची जोडपी एकमेकांच्या कमरेला हात घालून नाचायची. थेरडे पांढऱ्या बुटांत, थेरड्या ओठांना लाली लावून. मला शिसारी आली. मी तरातरा चालत सुटलो. बाज्याच्या आवाजात बांगड्या ऐकू येईनात, तरी वळलो नाही. पार टोकाच्या कारंज्यापाशी जाऊन बघतो तर मागं कुणीच नाही. तिला ना तिथली भाषा, ना घराचा पत्ता. गर्दीतून धक्के खात परत पळालो. तर ही चौथऱ्याखाली, त्या नाकतोडेवालीचे दोन्ही हात धरून फुगडी घालतेय! पदर कमरेला खोचलेला, भोवती माणसं टाळ्या पिटतायत, आणि ती म्हातारी गरगर फिरताना पोरीसारखी किंचाळतेय.

"लाज हाय का न्हाय?" मी सगळ्यांदेखत ओरडलो.

टाळ्या थांबल्या. तिनं पदर सोडून डोक्यावर घेतला. धापा टाकत म्हणाली, "तुमी थांबला न्हाय, मग मी थांबले."

त्या म्हातारीनं माझ्याकडं असं बघितलं, की तसं मी तिच्या नाकतोड्यांकडंही बघितलं नव्हतं.

परतताना कारभारीण पुन्हा म्हणाली, "आता तरी चला बरोबर. घरापतूरच."

"गावाकडं गेल्यावर बघू," मी म्हणालो. गावाकडं ते होणार नव्हतं, हे तिलाही ठाऊक होतं. ती चार पावलं मागं राहिली. बांगड्या वाजल्या.

गावी येऊन वर्ष झालं नाही तोवर ती गेली. गोठ्यात शेण भरायला वाकली ती तशीच बसली. बारामतीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. लेकाला यायला दोन दिवस लागणार, आणि तेवढं ठेवायची आमच्यात पद्धत नाही. अग्नी मीच द्यायचा ठरलं. म्हणजे विस्तवाचं मडकं हातात घेऊन तिरडीच्या पुढं चालायचं. मी म्हणालो, "मडकं दुसऱ्या कुणाकडं द्या. मी तिच्या बाजूनं चालतो."

भावकीतले तात्या माझ्यावर खेकसले, "खुळा झालास व्हय? अग्नी देणारानं म्होरंच चालायचं. आन् मागं वळून बघायचं न्हाय."

सवाष्ण गेली म्हणून बायकांनी तिला हिरवा चुडा भरला होता, कोपरापर्यंत. ओढ्याच्या उताराला खांदेकऱ्यांचे पाय घसरले, तिरडी हिंदकळली, आणि मागं बांगड्या वाजल्या. चार पावलांवर.

त्या बागेतल्या कशाचीही आली नव्हती एवढी किळस मला माझ्या पायांची आली. पण ते पुढंच पडत राहिले. मी वळलो नाही.